दाभोळे सरांचं स्वतःलाच ज्ञापन

मंडळी, आधी शेवट सांगून टाकतो. आंबेखोलच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक पिराजी दाभोळे सर यांनी पद सोडलं नाही. अजून तिथंच आहेत, तब्येत बरी आहे, गुडघा तेवढा दुखतो. झालं आख्यान. पेटीवाले, आवरायला घ्या.

कुणी उठत नाही? बरं. मग असं करू, मी आत्ता जे बोललो ते बोललोच नाही. दाभोळे सरांचं पुढं काय झालं हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही ठाऊक नाही. पहिल्या रांगेतल्या आबांना तर मघाचं काही ऐकूच आलेलं नाही, त्यामुळं त्यांची अडचण मुळातच नाही.

ज्यानं आपल्याला हा देह दिला, आणि तो रोज चुकतो हे दिसत असूनही परत मागून घेतला नाही, त्याला एकदा हात जोडा. जोडलेत? आता प्रश्न ऐका.

दुसऱ्याला क्षमा करा, असं सगळेच सांगतात. शेजाऱ्यानं बांध कोरला — क्षमा करा. सुनेनं दूध उतू घालवलं — क्षमा करा, चार घरी सांगून झाल्यावर. पण चूक जर आपलीच असली, तर? तिथं क्षमा कुणी करायची? अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा? आणि त्या खिडकीतले साहेब जागेवर असतात का? हा आजचा विषय. हसून घ्या, पुढं थोडी अडचण आहे.

तर आंबेखोल. डोंगराच्या पोटाशी गाव, सभोवती ऊस, मधोमध शाळा. पहिली ते सातवी. दाभोळे सरांचं वय चोपन्न, अंगात पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. निळं पेन शिकवायला आणि लाल पेन ज्ञापनाला.

ज्ञापन म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात मास्तर नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुमची चूक झाली की वरिष्ठ एक कागद देतात. त्यावर लिहिलेलं असतं, ‘आपण अमुक दिवशी अमुक चूक केली, तरी चोवीस तासांत लेखी खुलासा करावा.’ मग तुम्ही खुलासा लिहायचा, आणि वरिष्ठांनी त्यावर लिहायचं, ‘खुलासा असमाधानकारक.’ घरात हे काम बायको तोंडी करते. शाळेत कागद लागतो, इतकाच फरक.

दाभोळे सरांच्या हाताखाली सहा शिक्षक. कुणी सहा मिनिटं उशिरा आलं, ज्ञापन. फळ्यावर तारीख कालचीच राहिली, ज्ञापन. हसीना मुल्लाणी मॅडम चौथीला शिकवायच्या, त्यांच्याकडं चार वर्षांत अकरा ज्ञापनं जमली होती. त्या म्हणायच्या, “मला माहेरची पत्रं सुद्धा एवढी येत नाहीत.”

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सगुणाकाकू. त्यांना खरं तर ज्ञापन देता येत नाही, त्या शिक्षकांच्या यादीत बसत नाहीत. सरांनी तरी दिलं. विषय — खिचडीत मीठ कमी असल्याबाबत. काकूंनी तो कागद मिठाच्या डब्यावर चिकटवला. म्हणाल्या, “बरं झालं, हा डबा कशाचा ते मला कळत नव्हतं.”

आता तुम्ही म्हणाल, माणूस खडूस दिसतोय. नाही हो. सकाळी साडेनऊला हा माणूस फाटकात उभा राहायचा, आणि येणाऱ्या प्रत्येक पोराच्या पायाकडं बघायचा. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, कुणाला काटा लागलाय. दाभणदोरा ह्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात, आणि शाळेचा शिक्का खालच्या खणात. यावरून माणूस ओळखा. फक्त एक होतं, ‘छान केलंत’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडातून कधी निघाले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, “घड्याळ बरोबर चालतं म्हणून कोणी त्याची पाठ थोपटतं का? बंद पडलं की हलवायचं.” आणि मंडळी, हाच नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. चोपन्न वर्षं त्या घड्याळाची पाठ कोणी थोपटली नव्हती. मालकानं पण नाही.

सरांचा एकच शौक. शाळेच्या भिंतीवर एक फळा होता, त्यावर रोज लिहायचं, ‘आजची उपस्थिती — शंभर टक्के.’ शंभर असलं की सर दिवसभर गुणगुणायचे. नव्व्याण्णव झालं की तोंड उतरायचं, डबा तसाच घरी जायचा. आता पोरं म्हणजे काय, देवानं डोळे फक्त त्यांनाच नीट बसवून दिलेत. पोरांच्या हे ध्यानात आलं. मग चौथीच्या वर्गात एक रीत पडली. कुणी सांगितलं नाही, ठराव झाला नाही. शेजारचा वर्गात नसला, पाणी प्यायला गेला असला, तापानं घरी पडला असला, तरी त्याच्या नावाला बाकावरच्या जोडीदारानं म्हणायचं, “हजर.”

आणि सर? सर स्वतः वर्गात येऊन, वहीत मान घालून हजेरी घ्यायचे. चौकोनात बरोबर मध्ये खूण यायला हवी ना. ते नाव वाचायचे, आवाज ऐकायचे, खूण करायचे. तोंड बघायचं राहून जायचं.

आता धरा जानेवारी महिना. गुरुवार. चौथीची क्षेत्रभेट, म्हणजे पोरांना वर्गाबाहेर नेऊन जग दाखवायचं. जग कुठं? तीन किलोमीटरवर, गुऱ्हाळावर. एकतीस पोरं, सोबत स्वतः दाभोळे सर. मुल्लाणी मॅडम त्या दिवशी दाखल्यांच्या कामाला शाळेत थांबलेल्या. पोरांनी चरक बघितला, रसाची धार बघितली, मोठ्या काहिलीत तो रस उकळताना बघितला. गुळव्यानं प्रत्येकाला उसाच्या सालीवर गरम काकवी दिली. एकतीस तोंडं, बासष्ट हात, आणि सगळं चिकट. सरांचा पांढरा शर्ट पाठीमागून किती चिकट झालाय हे त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं नाही. त्यावर मात्र ज्ञापन निघालं नाही, कारण गुन्हेगार एकतीस होते.

परत निघायची वेळ झाली. चिंचेखाली रांग लागली. सरांनी वही उघडली, मान खाली घातली.

“सानिका भोगम?”

“हजर.”

“आर्वी चौगले?”

“हजर.”

आवाज त्याच जागेवरून आला, जवळजवळ त्याच घशातून आला. सरांनी खूण केली. एकतीस खुणा झाल्या. शंभर टक्के! रांग निघाली.

आणि आर्वी कुठं? आर्वी चौगले, वय वर्षं नऊ, हाताला काकवी लागली म्हणून हात धुवायला गुऱ्हाळाच्या मागं गेली होती. मागं काय होतं? मागं विहीर होती.

इथं एक साकी म्हणतो. तबला जरा बेतानं.

*वहीत होती एकतीस अन् वाटेवरती तीस,*
*अंक थोरला, लेक धाकटी, कळे कुठून वहीस.*

साकी माझीच आहे. बिघडली असेल तर तबल्याकडं बघू नका.

दीडला रांग शाळेत पोचली. खिचडीची ताटं मांडली गेली. सगुणाकाकू वाढत वाढत शेवटपर्यंत आल्या, आणि पळी हातात धरून उभ्या राहिल्या.

“सर, एक ताट उरलं.”

“जास्तीचं मांडलं असेल तुम्ही.”

“न्हाई. ती दुसऱ्यांदा मागणारी कुटं हाय? चौगल्यांची?”

सरांनी वही उघडून काकूंसमोर धरली. “सगळे हजर आहेत. हे बघा.”

काकूंनी वहीकडं बघितलं नाही. काकू म्हणाल्या, “मग वही जेवणार हाय का?”

मंडळी, अठरा वर्षं त्या बाईनं पोरं मोजली नव्हती, ओळखली होती. कोण दोनदा मागतं, कोण वाटाणे बाजूला काढतं, कोण अर्धी खिचडी धाकट्या भावासाठी डब्यात भरतं. हे सगळं कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते चुकलं नाही.

सानिका भोगम रडायला लागली. “सर, मीच म्हटलं हजर. ती हात धुवून येतीय असं मला वाटलं.”

सर धावले. चोपन्न वर्षांचा माणूस, पायांत चपला, काखेत वही, उसाच्या वाटेनं धावतोय. मागून मुल्लाणी मॅडम स्कूटी घेऊन आल्या. “सर, बसा मागं.” सर म्हणाले, “नको, मी धावतोय.” “सर, स्कूटी जास्त जोरात जाते.” “मला ठाऊक आहे,” म्हणाले, आणि धावतच राहिले. माणसाचं डोकं जागेवर नसलं की त्याला चाकाचा शोध लागलाय हेही आठवत नाही. शेवटी मॅडमनी स्कूटी आडवी घातली आणि शाळेत पोरांना दरडावतात त्या आवाजात म्हणाल्या, “बसा.” सर बसले.

गुऱ्हाळाजवळ स्कूटी थांबायच्या आत सर उतरून मागं गेले.

विहिरीच्या कडेला दोन चपला होत्या. लहान. निळ्या पट्ट्याच्या. डाव्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो दोरा सरांनीच भरला होता, सोमवारी, फाटकात बसून.

सरांनी विहिरीत वाकून बघितलं.

पाणी हिरवं होतं. हलत नव्हतं. सरांना त्यात फक्त स्वतःचं डोकं दिसलं. मंडळी, एक मिनिट. फक्त एक मिनिट गेलं. तुम्ही म्हणाल, मिनिटानं काय होतं? कधी तशा चपला बघितल्यात का तुम्ही? बघू नका.

मग मागून आवाज आला, “सर, तुमाला पण हात धुवायचेत का?”

आर्वी. दहा पावलांवर, गुऱ्हाळाच्या मालकीणबाईंच्या शेजारी खाटेवर बसलेली. हातात गुळाचा खडा आणि शेंगदाणे. पाय धुताना चपला काढल्या होत्या आणि घालायच्या विसरल्या होत्या. मालकीणबाई म्हणाल्या, “ही मागं राहिली बघा. आमच्या मालकांना फटफटीवरनं सोडून या म्हटलं होतं. रस उतरायची वेळ, जरा उशीर झाला. पोरगी गोड हाय.”

सरांनी खाली बसून आर्वीच्या पायांत चपला घातल्या. डावी उजव्यात घातली. परत काढून घातली.

संध्याकाळी सर स्वतः चौगल्यांच्या घरी गेले. आता हे लोक ओरडतील, कॉलर धरतील, या तयारीनं गेले. आर्वीची आई म्हणाली, “अवो सर, सापडली न्हवं? घरात पण ती अशीच गायब होती. परवा धान्याच्या कणगीत झोपली होती.” आणि वर चहा दिला. सरांना तो चहा फार कडू लागला. मंडळी, शिक्षेच्या तयारीनं गेलेल्या माणसाला चहा देऊ नये. त्याची फार पंचाईत होते.

मग सर शाळेत परत गेले. कुलूप उघडलं, खुर्चीत बसले, आणि खिशाचं लाल पेन काढलं.

ऐका, काय लिहिलं ते. ‘ज्ञापन. प्रति, श्री. पिराजी दाभोळे, मुख्याध्यापक. आपण आज क्षेत्रभेटीदरम्यान एक विद्यार्थिनी मागे ठेवून आलात. ही बाब अत्यंत गंभीर आहे. चोवीस तासांत खुलासा करावा.’ खाली सही, श्री. पिराजी दाभोळे, मुख्याध्यापक. जावक रजिस्टरला नोंद केली. मग उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेले, तोच कागद उचलला आणि ‘मिळाले’ म्हणून सही केली. आवक रजिस्टरला नोंद केली. नियम म्हणजे नियम.

शुक्रवारी खुलासा दिला. लिहिलं, ‘हजेरी घेतली होती.’ टेबलाच्या त्या बाजूनं वाचला आणि शेरा मारला — असमाधानकारक. मधल्या सुट्टीत दुसरा दिला, ‘वहीवर विसंबून राहिलो.’ असमाधानकारक. शनिवारी तिसरा, त्यात एकच ओळ, ‘मला क्षमा असावी.’ त्यावर लाल पेनानं लिहिलं, ‘अशी तरतूद नाही.’

आणि मग चौथा कागद. त्यावर ज्ञापन नव्हतं. तो होता गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज. ‘मला मुख्याध्यापक पदावरून कार्यमुक्त करावे आणि यापुढे जिथे मुले नाहीत अशा कामावर ठेवावे.’ सोमवारी बारा वाजता केंद्रप्रमुख यायचे होते. दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे साहेब, त्यांच्या हाती तो अर्ज जाणार होता. त्यांनी तो नेला की संपलं. दाभणदोऱ्यासकट माणूस एखाद्या कपाटांच्या खोलीत.

दोन दिवस सर फाटकात उभे राहिले नाहीत. हजेरी मॅडमनी घ्यायची. भिंतीवरचा फळा कोरा. पोरं आपापल्या पायांकडं बघत आत यायची, आज कोणी बघितलं नाही म्हणून.

आवक-जावकचं काम कुणाकडं होतं? मुल्लाणी मॅडमकडं. सोमवारी सकाळी त्यांनी रजिस्टर उघडलं. दोन्ही पानांवर एकच नाव, एकच सही, जाणारा आणि येणारा एकच माणूस. त्यांनी फाईल काढून सगळं वाचलं. चौथा कागद दोनदा वाचला. मग त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, “सर, जाऊ द्या, होतं असं.” सरांनी ते ऐकलं नसतं. मॅडम सरांना चार वर्षं आणि अकरा ज्ञापनं ओळखत होत्या. त्या म्हणाल्या, “सर, ही चौकशी बेकायदेशीर आहे.”

सरांनी मान वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदा. “कशी?”

“आरोप करणारे तुम्ही, खुलासा देणारे तुम्ही, तपासणारे पण तुम्ही. असं चालत नाही. समिती लागते. सुनावणी लागते. साक्षीदार लागतो.”

सर विचारात पडले. “नियमाला धरून आहे हे,” म्हणाले. “समितीवर कोण?”

“अध्यक्ष मी. सदस्य सगुणाकाकू.”

“काकूंना तो अधिकार नाही.”

“चूक कुणी शोधली? वहीनं?”

सरांनी घड्याळाकडं बघितलं. अकरा वाजता सुनावणी ठरली.

डोळ्यांसमोर आणा बरं. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत मुल्लाणी मॅडम. शेजारी सगुणाकाकू, हातात पळी, कारण मधेच उठून खिचडी ढवळायची होती. समोरच्या स्टुलावर सर, हात मांडीवर. स्टूल बुटकं, पहिलीच्या पोरांचं. आणि दाराशी साक्षीदार म्हणून आर्वी, आणि साक्षीदाराची साक्षीदार म्हणून सानिका.

मॅडम म्हणाल्या, “आरोप मान्य आहे?”

“मान्य आहे. विहीर होती तिथं.”

“विहिरीचं नंतर बोलू. मागच्या पावसाळ्यात मी सहामाहीचे पेपर खिडकीत विसरले. सगळे भिजले. आठवतं?”

“आठवतं. मी ज्ञापन दिलं होतं. सातवं.”

“नववं. आणि ते दिल्यावर काय केलंत?”

सरांनी खिशातलं लाल पेन सरळ केलं.

“मी सांगते. शाळा सुटल्यावर माझी छत्री राहिली म्हणून मी परत आले. स्वयंपाकाच्या खोलीत बघितलं, तर तुम्ही काकूंच्या चुलीपुढं उकिडवे बसलेले. एकेक पेपर उबेला धरून वाळवत होता. एकतीस पेपर. मी दारातूनच माघारी गेले. त्या दिवशी पर्समध्ये माझा बदलीचा अर्ज होता. तो मी वाटेत ओढ्यात टाकला.”

“मला माहीत नव्हतं,” सर म्हणाले.

“तुम्हाला कसं माहीत असणार. मीही कधी सांगितलं नाही. सर, माझी चूक झाली तेव्हा तुम्ही मला ज्ञापन दिलंत आणि पेपरही वाळवलेत. आता तुमची चूक झाली, तर तुम्ही स्वतःला नुसतं ज्ञापन दिलंत. वाळवायला कोणी बसलंच नाही.”

मंडळी, टाळ क्षणभर खाली ठेवा. हे वाक्य मी अनेक गावांत सांगितलंय आणि प्रत्येक वेळी मला इथंच थांबावं लागतं. पाणी द्या.

हं. तर काकू उठल्या, खिचडी ढवळून आल्या आणि म्हणाल्या, “आता माजं. सर, अठरा वर्सं झाली. तुमी एकदा पण ‘चांगली झालीय’ म्हणाला न्हाईसा.”

सर म्हणाले, “काकू, रोज चव बघायला घेतो, ती मी कधी ताटात टाकली नाही.”

“तेच सांगतीय. मी त्येच्यावरच भागवलं. मी म्हातारी हाय, मला भागवता येतंय. ल्हान पोरांना न्हाई येत. इचारा त्या पोरीला, हजर का म्हणतात ते.”

सरांनी स्टूल दाराकडं वळवलं. आर्वीची उंची आणि स्टुलावरच्या सरांची उंची आता सारखी होती.

“आर्वी, तुम्ही एकमेकांचं हजर का म्हणता गं?”

आर्वीनं सानिकाकडं बघितलं. सानिकानं छताकडं बघितलं.

“एक जण कमी पडला की तुमी डबा खात न्हाईसा,” आर्वी म्हणाली. “मग आमाला बरं वाटत न्हाई. म्हणून सगळ्यांनी ठरवलं, सरांचं शंभर करायचं.”

“कधीपासून?”

“दुसरीपासून.”

सरांना वाटत होतं ते शाळा सांभाळतायत. आणि इकडं एकतीस पोरं, दुसरीपासून, दररोज, गुपचूप, त्यांना सांभाळत होती. त्यांच्या डब्याची काळजी वर्ग चौथी घेत होता. मास्तरांच्या खिशात दोन पेनं होती, पण या गोष्टीची नोंद कुठल्या पेनानं करायची ते त्यांना कळेना.

त्यांनी स्टूल परत फिरवलं आणि काकूंना म्हणाले, “खिचडी चांगली झालीय.”

काकू म्हणाल्या, “आजून चुलीवर हाय.”

“शनिवारची,” सर म्हणाले. “शुक्रवारची. सगळी.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, “मीठ बरोबर असतंय न्हवं?”

“जरा कमी असतं,” सर म्हणाले. माणूस एका सुनावणीत किती बदलणार हो?

मग मॅडमकडं वळले. “मुल्लाणी मॅडम, तुम्ही राहिलात, बरं झालं.” असं म्हणताना ते इतके अवघडले, की मॅडमना क्षणभर वाटलं हे बारावं ज्ञापन आहे.

तरी सर अडून बसले. “पण विहीर होती. चपला होत्या. चूक लहान नाही, मॅडम.”

“नाही लहान,” मॅडम म्हणाल्या. “मोठीच आहे. त्या चपला मीपण बघितल्यात. म्हणून आजपासून हजेरी मान वर करून. नाव घ्यायचं, तोंड बघायचं, मग खूण. बाहेर गेलो तर दोघं जण जायचं. आणि कोणी आलं नाही तर फळ्यावर नव्वद लिहायचं, आणि डबा खायचा. पोरांसमोर बसून. हा समितीचा आदेश आहे. पद सोडायचं असेल तर आधी हा आदेश पाळा. कपाटांच्या खोलीत बसून कुणाची हजेरी घेणार?”

आणि मॅडमनी लाल नव्हे, टेबलावरचं निळं पेन घेतलं, आणि तिसऱ्या खुलाशावर, ‘मला क्षमा असावी’ त्या ओळीखाली, लिहिलं, ‘खुलासा समाधानकारक.’ अध्यक्षांची सही. सदस्यांचा अंगठा, काकूंना सही येते, पण म्हणाल्या, अंगठा जास्त पक्का. कागद सरांपुढं सरकवला. “मुख्याध्यापकांची सही राहिली.”

मंडळी, दुसऱ्याच्या माफीवर सही करायला एक क्षण लागतो. स्वतःच्या माफीवर सही करायला त्या माणसाला वीस मिनिटं लागली. पेन टेकवलं, उचललं. टेकवलं, उचललं. शेवटी आर्वी कंटाळून म्हणाली, “सर, चुकली तर खोडा की.” तेव्हा सही झाली. जरा वाकडी झाली. खोडली नाही.

बाहेर मोटरसायकल थांबली. केंद्रप्रमुख आले. म्हणाले, “दाभोळे सर, काही कागद द्यायचा होता म्हणे?” सर म्हणाले, “हो. दहा मिनिटं द्या, मजकूर बदलायचा आहे.” काकूंनी साहेबांना खिचडी वाढली. साहेब म्हणाले, “वा, काय झालीय!” काकूंनी सरांकडं बघितलं. बघा म्हणाल्या, लोक असं म्हणतात.

आता माझा मोर्चा तुमच्याकडं. पळू नका, दार आबांनी अडवलंय.

तुमच्या घरी पण एक लाल पेन आहे. ताई, भाकरी करपली त्या दिवशी पाहुणे होते, नऊ वर्षं झाली. पाहुणे विसरले, तुम्ही अजून खुलासे देताय. दादा, बापाशी शेवटचं नीट बोलायचं राहिलं. किती वर्षं झाली? रोज सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसाला ज्ञापन देताय, आणि तो बिचारा फेस लावून उभा. आणि इथं जे शिक्षक बसलेत त्यांना वेगळं सांगतो, एखादं पोर तुमच्या हातून मागं राहिलं असेल, गणितात, वाचनात, कुठंही. ते तीन दिवस स्वतःला छळून पुढं येत नाही. मान वर करून त्याचं नाव घेतलं की येतं. छळण्यात वेळ गेला तर तेवढा वेळ ते तिथंच बसून असतं.

आणि घरी जाऊन एक करा. ज्यानं रोज नीट चालवलं त्याला आज सांगा. त्याला वाटेल तुम्हाला ताप आलाय. वाटू दे.

सरांनी केंद्रप्रमुखांच्या हाती शेवटी जो अर्ज दिला, त्याची नक्कल मुल्लाणी मॅडमनी मला दिली. जशीच्या तशी वाचतो आणि तुमची रजा घेतो.

‘प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी. विषय — शिक्षक व मुख्याध्यापक यांना किरकोळ चुका मंजूर करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनम्र विनंती करण्यात येते की, आम्हांस वर्षाकाठी आठ किरकोळ रजा देय आहेत, परंतु किरकोळ चूक एकही देय नाही. तरी प्रत्येकी आठ चुका मंजूर कराव्यात. चूक ही पूर्वपरवानगीने करणे शक्य होत नाही, याची कृपया नोंद घ्यावी. वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या चुका ज्या सहकाऱ्यास कमी पडतात त्यास देण्याची मुभा असावी. सदर मंजुरी पूर्वलक्षी प्रभावाने, प्रत्येकाच्या पहिल्या नेमणुकीच्या दिनांकापासून लागू करावी, जेणेकरून या शाळेतून आजवर निम्नस्वाक्षरीकाराने दिलेली सर्व ज्ञापने आपोआप रद्द समजली जातील. कार्यवाही तातडीने व्हावी, ही विनंती. आपला विश्वासू, पिराजी दाभोळे, मुख्याध्यापक.’